स्केचअपमध्ये रेघ सरळ का येत नाही? दिशा माऊसने, माप कीबोर्डने



फर्निचरचं किंवा इंटिरिअरचं काम करणारा माणूस स्केचअप शिकायला बसला, की पहिल्याच दिवशी म्हणतो, "सर, माझा हात ड्रॉइंगचा नाही. रेघ सरळच येत नाही." अहो, हात ड्रॉइंगचा लागतच नाही! गडबड एवढीच होते, की आपण माऊसला पेन्सिल समजतो.

समजा, किचनची भिंत १० फूट ३ इंच आहे. तुम्ही माऊस ओढून अंदाजाने रेघ मारली आणि ती १० फूट ५ इंच झाली. स्क्रीनवर दोन इंच काही दिसत नाहीत. ग्राहक चित्र बघून खूश होतो. त्याच ड्रॉइंगवरून कटिंगची मापं निघतात आणि साइटवर शेवटचं कपाट भिंतीत बसत नाही. कापलेली प्लाय परत जोडता येत नाही. ते पैसे तुमच्याच खिशातून जातात. म्हणून आजचा नियम पाठच करा: माऊसने फक्त दिशा दाखवायची, माप कीबोर्डने द्यायचं.

१. बटण दाबून ओढू नका

लाइन टूल घ्या, म्हणजे 'एल' दाबा. एकदा क्लिक करा आणि बोट उचला. आता माऊस नुसता हलवा, रेघ मागोमाग येते. दुसऱ्या टोकाला पुन्हा क्लिक करा. बटण दाबून ओढलं तरी रेघ येते, पण बोट सोडताना हात हलतो आणि टोक सरकतं. शिवाय बटण दाबलेलं असताना टाइप कसं करणार? रेघ नको असेल तर एस्केप दाबा.

२. दिशा दाखवा, माप टाइप करा

पहिलं क्लिक झालं, माऊस हव्या त्या दिशेला नेला, की सरळ टाइप करा: १०'३" आणि एंटर. खाली उजव्या कोपऱ्यात मापाची चौकट असते, तिच्यात क्लिक करायची गरज नाही. आकडे आपोआप तिथेच जातात. माप चुकलं? दुसरं काही करायच्या आधी लगेच नवीन आकडा टाइप करून एंटर मारा, रेघ सुधारते.

दोन गोष्टी सांभाळा. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. आणि फाइल इंचात असेल तर नुसतं १० म्हणजे १० इंच. फुटाची खूण विसरलात तर खोलीची काडेपेटी होते!

एखाद्या मापाच्या आधी ~ अशी नागमोडी खूण दिसली तर थांबा. याचा अर्थ माप 'साधारण' आहे, नेमकं नाही. अशा मापावरून कटिंग देऊ नका.

३. रंग वाचायला शिका

रेघ लाल, हिरवी किंवा निळी झाली म्हणजे ती त्या अक्षाला समांतर आहे. काळी राहिली तर तिरकी जातेय. दिशा पक्की करायला बाणांची बटणं आहेत: उजवा बाण लाल, डावा हिरवा, वरचा निळा. बाण दाबल्यावर हात कितीही थरथरला तरी रेघ हलत नाही.

कर्सरजवळचा ठिपकाही बघा. हिरवा म्हणजे रेघेचं टोक, आकाशी म्हणजे मधोमध, लाल म्हणजे रेघेवर कुठेतरी. चार रेघा मारूनही आत पृष्ठभाग भरला नाही, तर बहुतेक वेळा एखादं टोक टोकाला लागलेलं नसतं. झूम करून तो कोपरा शोधा.

४. चाक म्हणजे तुमचे पाय

चाक फिरवलं की झूम, दाबून हलवलं की मॉडेल फिरतं, शिफ्टसकट दाबून हलवलं की बाजूला सरकतं. हे सगळं रेघ अर्धी असतानाही चालतं, टूल सोडावं लागत नाही. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे फार अवघड जातं. चाकाचा साधा माऊस घ्या, अर्धा त्रास तिथेच संपेल.

५. निवडण्याची युक्ती

एक क्लिक म्हणजे फक्त तो भाग. दोन क्लिक म्हणजे पृष्ठभाग आणि त्याच्या कडा. तीन क्लिक म्हणजे जोडलेलं सगळं. चौकट डावीकडून उजवीकडे ओढली तर पूर्ण आत आलेलंच निवडलं जातं. उजवीकडून डावीकडे ओढली तर चौकट जिथे जिथे लागेल ते सगळं.

आजचा सराव: एक खोली

- 'आर' दाबून आयत सुरू करा, टाइप करा १२',१०' आणि एंटर.
- 'एफ' घ्या, कडेवर क्लिक करून माऊस बाहेर न्या, ९" द्या. ही झाली ९ इंची भिंत.
- 'पी' घ्या, भिंतीच्या पट्टीवर क्लिक करून वर न्या, १०' द्या.
- भिंतीच्या तळापासून ३',७' चा आयत काढा. आडवा आला तर लगेच ७',३' टाइप करा. मग 'पी'ने ९" आत ढकला. दरवाजा उघडला!
- शेवटी 'टी' घेऊन आतून माप तपासा. बरोबर १२ फूट आणि खूण नाही, म्हणजे पास.

ही खोली पाच वेळा काढा. पाचव्या वेळी तुमचं लक्ष हातावर नसेल, मापावर असेल.

जाता जाता एक धंद्याची गोष्ट. स्केचअपची मोफत वेब आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे, त्यामुळे शिकायला ती उत्तम. ग्राहकाकडून पैसे घेऊन काम करायचं असेल तर लायसन्स विकत घ्या आणि तो खर्च कोटेशनमध्ये धरा.

आता वाचत बसू नका. आपल्या स्वतःच्या खोलीला टेप लावा, मापं कागदावर घ्या आणि तीच खोली काढायला बसा!