निवडुंगाच्या कुळाला काळी माती नको! ड्रॅगन फ्रूटच्या पिशव्या अशा भरा



नांदेड-लातूरकडील आपली काळी माती ओल धरून ठेवते म्हणून रब्बीचा हरभरा पदरात पडतो. पण तिचा हाच गुण निवडुंगाच्या कुळाच्या मुळावर येतो. अलीकडे आपल्याकडे लागवड होऊ लागलेले ड्रॅगन फ्रूट याच कुळातले. गुजरात सरकारने २०२१ मध्ये याच फळाला ‘कमलम्’ हे नाव दिले. शेजारच्या गावाहून फांद्या आणायच्या, शेतातली काळी माती पिशवीत भरायची आणि फांदी खोचायची, असे पुष्कळजण करतात. पावसाळ्यात झड लागली की फांद्या बुडाशी पिवळ्या, मऊ पडतात आणि हाताला येतात. दोष फांदीचा नसतो, पिशवीतल्या मातीचा असतो.

असे का होते?

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. ते पाणी पिऊन फुगतात व वाळले की आकसतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. माती फुगली की तिच्यातील हवेच्या वाटा बंद होतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. हवा मिळाली नाही की मुळे गुदमरतात आणि कुजव्या रोगाची बुरशी शिरते. ड्रॅगन फ्रूट पाणी खोडात साठवते, त्यामुळे चार दिवस पाणी चुकले तर ते तग धरते. चार दिवस पाणी साचले तर मात्र जगत नाही.

मात्र ड्रॅगन फ्रूट हे वाळवंटातले निवडुंग नव्हे. ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील जंगलातले, झाडांवर चढणारे. पालापाचोळ्याच्या कुजलेल्या थरात त्याची मुळे पसरतात. म्हणून त्याला निचरा हवा, तसे कुजलेले खतही हवे. निव्वळ वाळू चालत नाही.

मिश्रणाचे प्रमाण

ड्रॅगन फ्रूटच्या पिशवीसाठी मुरमाड किंवा हलकी माती १ घमेले, जाड वाळू १ घमेले आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १ घमेले घ्यावे.

ओसरीवरच्या शोभेच्या निवडुंगाला खत कमी लागते. त्यासाठी हलकी माती १ घमेले, जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे मिळून २ घमेली आणि खत अर्धे घमेले पुरे.

वाळू बाजरी ते ज्वारीच्या दाण्याएवढी असावी. पिठासारखी वाळू निचरा वाढवत नाही, उलट मोकळ्या जागा बुजवते. नदीची वाळू मिळत नसेल तर क्रशरची कच चालेल, पण चाळून आणि धुऊन तिची भुकटी काढून टाकावी. हलकी माती नसेल तर काळी माती १, जाड वाळू व बारीक मुरूम मिळून ३ आणि खत १ असे घ्यावे. काळ्या मातीत मूठभर वाळू टाकून भागत नाही. तसे मिश्रण वाळले की विटेसारखे घट्ट होते.

कच्चे शेणखत वापरू नये. त्यात उष्णता असते आणि हुमणीही येते. चुलीची राख टाळावी. आपल्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर आहे, त्यात राखेचा खार वाढवू नये.

हिशेब आधी करा

३ बाय ३ मीटरवर खांब घेतल्यास एकरी सुमारे ४५० खांब बसतात. खांबाला ४ प्रमाणे १८०० रोपे लागतात. पिशवीला दीड लिटर मिश्रण धरले तर एकूण २७०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या घमेल्याने १८० घमेली. तीन साहित्ये मिसळली की आकार थोडा आटतो, म्हणून प्रत्येकाची ६० ऐवजी ७० घमेली तयार ठेवावीत.

एप्रिल-मेच्या उन्हाचा फायदा घ्या. मिश्रण ओले करून वीतभर थरात पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीने दाबा आणि ४ ते ६ आठवडे तापू द्या. पुष्कळशी बुरशी व तणाचे बी मरते. मग ते झाकून ठेवा, पाऊस ओसरल्यावर पिशव्या भरा आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला रोपे शेतात न्या.

भरण्याआधी परीक्षा

ओलसर मिश्रण मुठीत दाबा. मूठ उघडून बोट लावताच गोळा फुटला पाहिजे. मग बुडाला भोके पाडलेल्या डब्यात मिश्रण भरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तुंबून राहिले तर वाळू वाढवा.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा जाड थर देण्याची जुनी पद्धत आहे. त्याने निचरा वाढत नाही. वरची माती पाण्याने पूर्ण भरल्याशिवाय पाणी खड्यांत उतरतच नाही, त्यामुळे ओल उलट मुळांजवळ अडते. भोकावर एक खापरी ठेवली की पुरे.

फांदी वीतभर लांबीची घ्यावी. कापल्यावर ५ ते ७ दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मगच खोचावी. वरचा थर वाळल्यावरच पाणी द्यावे.

शेतात लावताना

एवढे करून शेवटी काळ्या रानात खोल खड्डा घेऊन त्यात वाळू-मुरूम भरला, तर चारी बाजूंचे पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि त्याचा हौद होतो. भारी जमिनीत खड्ड्याऐवजी उंच गादीवाफा करावा, रोप त्याच्यावर लावावे आणि बाजूने चर काढून पाण्याला वाट द्यावी. बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने मुरमाड, खडकाळ जमिनीवर हे पीक घेऊन दाखवले आहे. तेव्हा घरी हलके माळरान असेल तर पहिला विचार त्याचाच करावा. काळे रान हरभऱ्याला राहू द्यावे.

खांब, ठिबक आणि रोपे यांचा खर्च मोठा असतो आणि तो एकदाच करायचा असतो. बाग नीट बसली तर वर्षानुवर्षे फळे देते. म्हणून पहिल्या वर्षी दहा-वीस पिशव्या भरून पाहाव्यात, एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्यावा, आणि मगच एकराचा विचार करावा.