भूऔष्णिक विजेला सूर्याची जोड कशाला?

अक्षय ऊर्जेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणारा बहुधा तो जिंकल्याच्या थाटात विचारतो. जमिनीखालची उष्णता रात्रंदिवस मिळते, ऊन फक्त दिवसा. मग चोवीस तास चालणाऱ्या भूऔष्णिक केंद्राजवळ सौर पॅनेल मांडणं म्हणजे पैशांची नासाडीच ना?

उष्णता रात्रंदिवस मिळते, हे खरंच आहे. पण म्हणून वीजही सदैव सारखीच मिळते, हे कुठून आलं? टर्बाइन नुसत्या उष्णतेवर फिरत नाही. एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड, अशा दोन तापमानांतल्या फरकावर ते फिरतं. शाळेच्या पुस्तकात असलेली ही गोष्ट या वादात दर वेळी विसरली जाते.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात फॅलन गावाजवळचं स्टिलवॉटर केंद्र पाहा. २००९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची भूऔष्णिक क्षमता ३३ मेगावॉट आहे. विहिरींतून येणारं गरम खारं पाणी कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाची वाफ करतं आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. नंतर ती थंड करून पुन्हा द्रव करावी लागते. वाळवंटात पाण्याची टंचाई, म्हणून हे काम पंख्यांच्या वाऱ्यावर चालतं. वाराच तापलेला असला तर?

हिशेब सोपा आहे. खालचं पाणी १५० अंश सेल्सिअस धरा. बाहेर ५ अंश असताना आदर्श यंत्राची कार्यक्षमता ३४ टक्के येते, ३८ अंशांना २६ टक्क्यांच्या आसपास. विहीर तीच, पाणी तेवढंच, तरी जवळपास चौथा हिस्सा गेला! आणि ही घट नेमकी उन्हाळ्याच्या दुपारी होते, जेव्हा घरोघरी एसी चालू असतात आणि सौर पॅनेलही जोरात असतात. म्हणूनच २०१२ मध्ये तिथे २६ मेगावॉटची पॅनेल बसवली. वीज वाहून नेणारी लाइन होतीच. याला नासाडी कसं म्हणायचं?

२०१५ मध्ये तिथे आरसेही आले. वक्र आरशांनी एकवटलेल्या उन्हात विहिरीचं पाणी टर्बाइनकडे जाण्याआधी आणखी तापवलं जातं. इथे उलट टोकाचा गैरसमज भेटतो: ऊन मिळालं की वीज दुप्पट. या भागाची क्षमता २ मेगावॉट. तेव्हा केंद्र चालवणाऱ्या एनेल ग्रीन पॉवरने मार्च ते डिसेंबर २०१५ या काळासाठी दिलेला आकडा आहे ३.६ टक्के वाढीचा. फायदा खरा आहे, पण तो एवढाच आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘जमिनीतली उष्णता म्हणजे मुरलेलं ऊन’: नाही, ती पृथ्वीच्या जन्मापासून उरलेली आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून येणारी आहे. ‘उकाडा वाढला की पॅनेल जास्त वीज देतात’: पॅनेलला उजेड हवा, तापलं की त्याची वीज घटतेच. ‘भूऔष्णिक साठा कधीच आटत नाही’: कॅलिफोर्नियातल्या गीझर्स क्षेत्रात वाफेचा दाब इतका उतरला, की १९९७ पासून शेजारच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जमिनीत सोडावं लागलं.

आणि आपल्याकडचा आवडता प्रश्न: वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे इथे गरम पाण्याचे झरे आहेत, मग वीज का नाही? अलास्कातल्या चेना इथे तर ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज होते, असा दाखलाही दिला जातो. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. चेनाला थंड करायला सुमारे ४ अंशांचं पाणी मिळतं. वरचाच हिशेब लावला तर तिथे आदर्श कार्यक्षमता २० टक्के येते. कोकणातल्या ३० अंशांच्या हवेत तेच ७४ अंशांचं पाणी १३ टक्क्यांवर येतं, आणि प्रत्यक्ष यंत्र त्याहून बरंच कमी देतं. कुंडातलं पाणी हाताला चटका देतं म्हणून खाली वीजकेंद्राजोगा साठा आहे, असं ठरत नाही. खोल विंधणं घेऊन तिथलं तापमान आणि पाण्याचा प्रवाह मोजावा लागतो.