चाळिशीनंतर वजनाचं औषध मागायला जाताना

मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून डॉक्टरांच्या खोलीतलं एक संभाषण बदललं आहे. पूर्वी वजनाचा विषय डॉक्टर काढत आणि पेशंट मान खाली घालून ऐकून घेत. आता बीपी किंवा साखर दाखवायला आलेली पंचेचाळीस-पन्नाशीतली माणसं उठता उठता स्वतःच विचारतात, “डॉक्टर, ते वजनाचं इंजेक्शन मला चालेल का?”

विचारण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. लठ्ठपणा हा आजार आहे आणि आजारावर औषध मागायचा प्रत्येकाला हक्क आहे. मात्र हा प्रश्न दारातून बाहेर पडताना विचारायचा नाही. त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या आणि थोडी तयारी करून जा.

आधी कारण शोधा

‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, म्हणून वजन वाढतं’ असं आपण सर्रास म्हणतो. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरातले स्नायू आणि चरबी हिशेबात धरली, तर वीस ते साठ या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. मग या वयात बदलतं ते काय? बैठं काम वाढतं, झोप तुटते, स्नायू कमी होतात आणि जेवण मात्र पंचविशीतलंच राहतं. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन घटतं आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. त्यामुळे वजन फारसं न वाढताही ब्लाउज आणि कुर्ते कमरेशी घट्ट होतात.

काही वेळा कारण आपल्याच औषधांच्या डबीत असतं. इन्शुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्या, स्टेरॉइड्स, मानसिक आजारांवरची ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांसारखी औषधं आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकतं. म्हणून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या डॉक्टरांकडे बरोबर न्या. नुसती नावं सांगताना एखादी हमखास विसरते. मनाने मात्र यातलं एकही औषध बंद करू नका. थायरॉइड तपासून घ्यावा, पण तो कमी निघाला तर सगळं कोडं सुटलं असं समजू नये. त्याच्यामुळे सहसा थोडेच किलो वाढतात. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार आणि वजन एकमेकांना वाढवत नेतात.

काटा अर्धंच सांगतो

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, हे या एका छायाचित्राने जगाला समजावलं.

मला वाटतं, वजनाच्या औषधाचा विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे उदाहरण लक्षात ठेवावं. आपल्याला कमी करायची आहे ती चरबी, आणि त्यातही पोटातल्या अवयवांभोवतीची. काट्यावरचा आकडा चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. भारतीयांसाठी बीएमआय २३ ला वजन जास्त आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, त्याचं कारण हेच. पाश्चात्त्यांसाठी हे आकडे २५ आणि ३० आहेत.

त्याबरोबर कंबर मोजा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही भारतीय मर्यादा आहे. मोजताना एक चूक घरोघरी होते. पुरुष पँटचा नंबर सांगतात, “चौतीस, गेली दहा वर्षं तेवढीच.” पँट तेवढीच राहते, कारण ती पोटाच्या खाली सरकलेली असते. कुशीत हात लावून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये शिंप्याची टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत न ओढता आकडा वाचा. तो वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या प्रवासात तो वजनाइतकाच उपयोगी पडणार आहे.

हे औषध करतं काय

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि साखर वाढलेली असेल तर इन्शुलिन वाढवतं. नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात काही मिनिटंच टिकतं. ‘वेगोव्ही’ आणि ‘ओझेम्पिक’मधलं सेमाग्लुटाइड हे त्याचंच टिकाऊ रूप आहे. ते आठवडाभर काम करतं, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. ‘मौंजारो’मधलं टिर्झेपटाइड जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

परिणाम खरोखर मोठा आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधल्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. नुसता आहार-व्यायाम आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून अधिक जाड माणसांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. तिच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. वजनाच्या औषधाने असं करून दाखवणं ही साधी गोष्ट नाही. याआधीच्या औषधांचा इतिहास वाईट होता. सिब्युट्रामिन हृदयाला घातक ठरलं आणि रिमोनाबंटने नैराश्य आणलं. भारताने रिमोनाबंटवर २००९ मध्ये आणि सिब्युट्रामिनवर २०११ मध्ये बंदी घातली. जुने डॉक्टर नव्या औषधाबाबत सबुरीने बोलतात, त्यामागे ही आठवण असते. त्यांच्या सबुरीचा राग मानू नका.

कोणाला, आणि कोणाला नाही

लठ्ठपणाची भारतीय मर्यादा २५ असली, तरी वजनासाठी ही औषधं बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी आहेत. बीएमआय २७ किंवा त्याहून जास्त असून बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसारखा जोडीचा आजार असेल, तरीही देता येतात. मुलीच्या लग्नाआधी पाच-सहा किलो उतरवायचे आहेत, हे कारण यात बसत नाही.

कुटुंबात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, तर ही औषधं घेऊ नयेत. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना हे इंजेक्शन सुरू केलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. त्यांचा डोस डॉक्टरांना बहुधा कमी करावा लागतो. नवरात्राचे नऊ दिवस किंवा श्रावणी सोमवार धरणाऱ्यांनी उपासाची गोष्ट आधीच बोलून घ्यावी. भूक आधीच मेलेली, त्यात निर्जळी उपास आणि वर साखरेची गोळी, हे एकत्र चालणार नाही.

चाळिशीतल्या बायकांसाठी एक सूचना कमी ऐकू येते. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणार नाही, असं नसतं. टिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरावं लागतं. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. आणि कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी दुर्बिणीची तपासणी असली, तरी भूलतज्ज्ञांना इंजेक्शनबद्दल सांगायलाच हवं, कारण उपाशी असूनही जठरात अन्न शिल्लक असू शकतं.

खरा जपायचा ऐवज: स्नायू

या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि डॉक्टरांच्या घाईच्या ओपीडीत तोच राहून जातो.

वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी उतरत नाही. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत काही जणांच्या शरीराचं स्कॅन करून पाहिलं, तेव्हा गेलेल्या वजनापैकी जवळपास ४० टक्के भाग चरबीशिवायचा होता. टिर्झेपटाइडच्या चाचणीत तो पावभागाच्या आसपास होता. त्यात पाणी आणि इतर ऊतीही आल्या, सगळे स्नायूच नव्हेत. तरीही स्नायू जातात हे खरं, आणि उपाशी राहून वजन उतरवलं तरीही ते जातातच. फरक असा की आपल्यातल्या अनेकांकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी असते. त्यात पन्नाशीला ते आपोआपही घटत असतात. बायकांची हाडं याच काळात ठिसूळ होऊ लागतात. अशा शरीरातून पंधरा किलो घालवले आणि त्यात स्नायूंचा मोठा वाटा गेला, तर काटा खूश आणि गुडघे नाराज, अशी गत होते.

स्वतःची परीक्षा घरी घेता येते. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हाताचा टेकू न घेता उठून पाहा. हात टेकल्याशिवाय जमत नसेल, तर इंजेक्शनाच्या आधीच पायांच्या व्यायामाला लागा. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीतून उठाबशा काढा. सकाळचं चालणं हृदयाला चांगलं, पण त्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम हवा. पन्नाशीच्या बाईने डंबेल उचलण्यात संकोच कसला? पाण्याच्या कळशा उचलणाऱ्या आपल्या आज्यांनी तेच केलं.

दुसरी गोष्ट प्रथिनं. वजन उतरवताना किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. सत्तर किलोच्या माणसाला रोज ७० ग्रॅमच्या वर. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री पातळ वरण आणि भात, या ताटात त्याच्या निम्म्यानेही प्रथिनं मिळणं कठीण. इंजेक्शनाने भूक कमी झाली की हेच ताट आणखी अर्धं होतं. म्हणून जे थोडं खायचं, त्यात पहिला घास उसळीचा, अंड्याचा, मासळीचा किंवा पनीरचा असू द्या, भात-पोळी नंतर. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, पिठलं, दही, शेंगदाण्याची चटणी हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात आहे. त्यासाठी प्रथिनांच्या पावडरीचे महागडे डबे विकत आणायची गरज सहसा पडत नाही.

पहिले काही महिने

डोस छोट्यापासून सुरू करून दर चार आठवड्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून, टिर्झेपटाइड २.५ पासून. मळमळ, बद्धकोष्ठ, जुलाब, आंबट ढेकर हे त्रास डोस वाढला की वाढतात आणि बहुधा ओसरतात. थोडं थोडं खा, तळलेलं टाळा, पाणी पीत राहा. पोटात वर, पाठीकडे जाणारी असह्य कळ आली आणि उलट्या थांबेनात, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. ते स्वादुपिंडाच्या सुजेचं लक्षण असू शकतं.

वजन झपाट्याने उतरावं म्हणून पायऱ्या गाळून मोठा डोस घेऊ नका. मैत्रिणीच्या इंजेक्शनाच्या पेनमधून सुई बदलून दोन डोस ‘चाखून बघणं’ही नको, सुई बदलली तरी एकमेकांच्या पेनमधून रक्ताचे आजार पसरू शकतात. न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, फ्रीझरमध्ये नाही.

खर्च आणि थांबण्याचा प्रश्न

‘मौंजारो’ आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती, आणि आठवड्याला एक कुपी लागते. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत संपून इथल्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. त्यामुळे किमतीचं गणित बदलतं आहे, पण गरज नसलेल्यांना मोहही पडणार आहे. खर्चाचा विचार महिन्याचा करू नका, वर्षांचा करा. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांच्या अभ्यासात एका वर्षात गेलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढतं, तसंच हे आहे. परत येणारं वजन मुख्यतः चरबीचं असतं. गेलेले स्नायू व्यायामाशिवाय परत येत नाहीत. सहा महिने घेऊन पैसे संपले म्हणून सोडणं हा म्हणूनच सर्वांत वाईट मार्ग. त्यापेक्षा सुरूच न करणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: मी हे किती काळ घ्यायचं, कोणत्या डोसवर थांबायचं, कंबर आणि ताकद कधी मोजायची, आणि खर्च झेपेनासा झाला तर काय करायचं? उत्तर देण्याऐवजी जो फक्त पेन पुढे सरकवतो, त्याच्याकडून ते घेऊ नका. ब्यूटी पार्लर, जिम, व्हॉट्सअॅपवरचा विक्रेता यांच्याकडून तर मुळीच नको. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्येच इशारा दिला आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या दुकानाचं बिल आणि बॅच नंबर असलेलं खोकं, हे तिन्ही हातात आल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका.