सरकारी अर्ज आणि कंपनीची तिकिटं

सकाळी ७:१५
हिंजवडीची बस वेळेवर पकडली तर बसायला जागा मिळते. बसलो की मोबाइलवर गेट परीक्षेचे जुने प्रश्न काढतो. वय २८. एनआयसीच्या मागच्या भरतीत सायंटिस्ट-बी पदाला खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३० होती, म्हणजे जे काही ठरवायचं ते लवकरच. एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. १९७६ साली सुरू झालं, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी प्रणाली तिथंच घडतात. आईच्या मते यात विचार करण्यासारखं काही नाहीच. सरकारी ती सरकारी.

सकाळी ९:००
लॅपटॉप उघडला. पासवर्ड, मग व्हीपीएन, मग ओटीपी, मग व्हर्च्युअल डेस्कटॉपचा वेगळा पासवर्ड. तो दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो आणि जुन्याशी जुळलेला चालत नाही. एवढं होऊन काम सुरू करावं, तर कोपऱ्यात अपडेटची सूचना. 'नंतर' म्हणायची सोय होती, ती या महिन्यात काढून टाकली.

सकाळी ११:००
तिकिटांचं काम. आमचा संघ सपोर्टचा. ग्राहकाची तक्रार आली की तिकीट तयार होतं आणि घड्याळ चालू होतं. ठरलेल्या वेळेत उत्तर गेलं नाही तर एसएलए, म्हणजे सेवेच्या मुदतीचा करार, मोडला, डॅशबोर्डवर लाल खूण. यावर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय असा: ग्राहकाला एखादा किरकोळ प्रश्न विचारायचा आणि स्थिती 'ग्राहकाकडे प्रलंबित' करायची. घड्याळ थांबतं. ग्राहकाचं काम तिथंच, आमचा आलेख मात्र हिरवागार. शेजारची सीनियर म्हणते, "मनाला लावून घेऊ नकोस रे, टूलला जे दिसतं तेच काम."

दुपारी १:००
डबा खाताना हिशेब. सायंटिस्ट-बीचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, लेव्हल १०. पुणे 'एक्स' वर्गातलं शहर, म्हणून घरभाडं ३० टक्के, १६,८३०. त्यावर महागाई भत्ता, तो जानेवारी आणि जुलैपासून सुधारतो. एनपीएस या पेन्शन योजनेत आपले १० टक्के, सरकारचे १४. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचाही पर्याय आला: २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. माझ्या पगाराचा एक भाग व्हेरिएबल आहे, आणि तो किती मिळेल हे मिळाल्यावरच कळतं.

दुपारी ३:००
सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण. स्लाइड पुढे ढकलता येत नाही. दुसरी खिडकी उघडली की निवेदिकेचा आवाज थांबतो. विषय: वेळेचं नियोजन.

दुपारी ४:१५
दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो मराठवाड्यातल्या एका सरकारी कार्यालयात संगणकाचं काम बघतो, पण नेमणूक एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. त्याला म्हटलं, "दादा, इथल्या सॉफ्टवेअरचा वीट आलाय." तो हसतच सुटला. "अरे, इथं ये. साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल साहेबांच्याच खिशात, आणि साहेब दौऱ्यावर. दुपारी सर्व्हर हलत नाही म्हणून लोक रात्री बसून नोंदी करतात."

मग त्यानं ई-ऑफिसचं, म्हणजे सरकारी फाइलींच्या संगणक प्रणालीचं, सांगितलं. त्यात टिपणी पिवळी असेपर्यंत खोडता येते. हिरवी करून पुढं पाठवली की तुमचा शब्द तुमच्या नावानिशी, तारीखवेळेसह फाइलवर कायमचा. "म्हणून हिरवी करताना भल्याभल्यांचा हात अडतो," तो म्हणाला. हे मला आमच्या तिकिटांपेक्षा बरं वाटलं. आमच्याकडं घड्याळ थांबवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

घड्याळ तिकडंही आहे. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा. अधिसूचित दाखला मुदतीत मिळाला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. इथं एसएलए मोडला तर एक कंपनी दुसऱ्या कंपनीचं बिल कापते. तिथं उशीर झाला तर कुणाच्या तरी पोरीचा प्रवेश उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडतो.

संध्याकाळी ५:४५
शुक्रवार, म्हणजे टाइमशीट. रोजचे आठ तास प्रोजेक्ट कोडांत वाटायचे. साडेसात चालत नाहीत, साडेआठलाही मॅनेजरची मंजुरी लागते. व्हीपीएन आणि अपडेटमध्ये गेलेल्या वेळेला कोडच नाही, तो ग्राहकाच्या कामात मिसळायचा. तिकडं राज्य सरकारच्या कचेऱ्या २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या झाल्या, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. दादाची कचेरी त्यातलीच, तरी तो महिनाअखेरीला सव्वासहाला निघालाय असं ऐकिवात नाही.

रात्री ९:३०
जेवण झालं, अभ्यासाला बसलो. एक गोष्ट पक्की झाली: वाईट सॉफ्टवेअर हे नोकरी बदलायचं कारण होऊ शकत नाही. ते दोन्हीकडं आहे, आणि दोन्हीकडं एकाच कारणानं. खरेदीचा निर्णय घेणारा रोज त्यात लॉगिन करत नाही. तेव्हा तुलनेतून ते वजाच करायचं. उरतं ते मोजायचं: कायम की कंत्राटी, बदली कुठवर, पेन्शन कोणती, आणि पडद्यापलीकडं ताटकळतंय कोण. या शेवटच्या प्रश्नावर माझं पारडं सरकारकडं झुकतं.

मी अर्ज करणार, पण फक्त कायम पदासाठी. दादाची हुशारी माझ्याहून कमी नाही, तरी दर अकरा महिन्यांनी त्याला नव्या आदेशाची वाट बघावी लागते. 'शासकीय आयटी' एवढे दोन शब्द वाचून हुरळून जाऊ नका. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि नेमणूक कोण देतंय, खातं की एजन्सी, ते आधी बघा.