कोल्ह्याची शेपटी

दौंड-शिरूरकडे दिवेलागण झाली की उसाच्या फडातून कोल्हेकुई सुरू होते. एकाने सूर लावला की बांधापलीकडून दुसरा उत्तर देतो आणि घटकाभरात भीमेकाठ दुमदुमतो. इथल्या अंगणवाडीतल्या पोरांच्या कानांना हा आवाज पाठ असतो. पण चित्रांच्या पुस्तकात त्यांना भेटणारा कोल्हा बहुतेक वेळा तांबडालाल असतो, झुपकेदार शेपटीचा, आणि त्या शेपटीचं टोक पांढरंशुभ्र!

पांढरं टोक ही ‘रेड फॉक्स’ची, म्हणजे तांबड्या खोकडाची खूण. तो युरोपभर आढळतो, भारतात हिमालयात आणि वायव्येच्या वाळवंटी मुलखात, महाराष्ट्रात नाही. आपला कोल्हा पिवळसर-राखाडी, उंच पायांचा, आणि त्याच्या शेपटीचं टोक काळं. आपल्या माळावर खोकडही आहे, पण ते वेगळं: कोल्ह्याहून बरंच लहान, राखी अंगाचं, बिळात राहणारं. त्याच्याही शेपटीचं टोक काळंच.

ही सरमिसळ इसापच्या वाटेने आली असावी. त्याच्या कथांतला धूर्त प्राणी खोकड. तंजावरच्या सरफोजीराजांनी 1806 साली ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापच्या कथा मराठीत छापवल्या. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक. पुढे द्राक्षांच्या गोष्टीतलं खोकड मराठीत कोल्हा म्हणून रुळलं. नाव आपलं, रूप मात्र परदेशी चित्रांतलं.

पंचतंत्राचा प्रवास नेमका उलट दिशेचा. त्यातले करटक आणि दमनक हे अस्सल कोल्हे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ही कथा अरबीत नेली, तेव्हा ते कलीला आणि दिम्ना झाले. तेराव्या शतकापासूनच्या तिच्या सचित्र अरबी पोथ्या आजही टिकून आहेत.

मला खरं नवल वाटतं ते जुन्या कथाकारांच्या नजरेचं. दमनक सिंहाच्या दरबारी का? कारण मोठ्या शिकारी जनावराच्या मागे राहून त्याचं उरलंसुरलं खाणं ही कोल्ह्याची रीतच आहे. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला चंडरव कशाने उघडा पडतो? दुरून आलेल्या कोल्हेकुईला साद दिल्यामुळे. ती साद देणं ही या जातीची उपजत सवय. आणि काकडीला राजी होणारा म्हणीतला कोल्हा प्रत्यक्षातही बोरं, कलिंगडं खातो, ऊस चघळतो.

एक गोष्ट मात्र चित्रांत यायची राहिली आहे. कोल्हा-कोल्हीण वर्षानुवर्षं जोडीने राहतात. आदल्या वर्षीचं एखादं पिल्लू मोठं झालं तरी घर सोडत नाही. धाकट्या भावंडांना खाऊ आणतं, त्यांची राखण करतं. न्हावरे-पाटसच्या ऊसपट्ट्यातल्या लेकरांना याहून जवळची गोष्ट कोणती? लिहिणाऱ्यांनी आणि चित्रकारांनी ती जरूर हाती घ्यावी.

तोवर आईबाबांना आणि अंगणवाडीच्या ताईंना एवढीच विनंती: पोरांना पुस्तक वाचून दाखवताना कोल्ह्याच्या शेपटीवर बोट ठेवा. टोक पांढरं दिसलं, तर काळा खडू पोरांच्याच हातात द्या.