क्लब कोणाच्या मालकीचा?

अवघ्या बारा वर्षांत पुणे शहराने व्यावसायिक फुटबॉलचा उदय पाहिला आणि अस्तही. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे फुटबॉल क्लब २००९-१० च्या आपल्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला. तरीही २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ गुंडाळला गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी त्याच वर्षी, एकाच हंगामानंतर थांबला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये उपान्त्य फेरी गाठली. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल तेवढे मागे राहिले.

हे अपयश खेळाचे नव्हते, मालकीच्या रचनेचे होते. तिकिटांच्या उत्पन्नात संघाचा खर्च भागत नाही; तूट मालक सोसतो. त्याचे धोरण वा आर्थिक बळ बदलले की पहिली कात्री संघाला लागते. त्या निर्णयात प्रेक्षकाला मत नसते. जर्मनीत मात्र काही अपवाद वगळता मतांचे बहुमत मूळ क्लबच्या सभासदांकडेच असावे, असा नियम आहे. तेथे गुंतवणूकदार येतो. परंतु क्लब त्याच्या मर्जीने उठवता येत नाही.

शिरूर आणि दौंडच्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी वाटू नये. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे सहकाराचे तत्त्व त्याने साखर कारखान्यात अनुभवले आहे. विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला घालून दिलेला तो धडा आहे. सहकाराची दुखणीही त्याला ठाऊक आहेत. गटबाजी आणि कर्जबाजारीपणा यांपासून क्लबही आपोआप मुक्त राहणार नाही. म्हणूनच आरंभ लहान हवा: माफक वर्गणी, दरवर्षी सभेपुढे हिशेब आणि कुमार संघापासून सुरुवात. रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांनी साहाय्य जरूर द्यावे. मालकी मागू नये.

दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे पाऊणशे किलोमीटर. तेथील क्लब बंद झाले तेव्हा या तालुक्यांतील होतकरू मुलांना सर्वांत जवळचे असलेले दारही बंद झाले. ते पुन्हा एखाद्या उद्योगपतीने उघडावे, याची वाट पाहण्यात आणखी एक पिढी दवडणे परवडणारे नाही.