लहान तळी आणि बॅटरीवरची नाव

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बॅटरी, अँपिअर आणि पौंडांच्या गोष्टी कराव्यात याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. पण हा विषय मी निवडलेला नाही. माझ्या मामांच्या उजव्या खांद्याने तो माझ्यावर लादला. मामा ढिवर. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तीस-पस्तीस वर्षे बांबूने डोंगा रेटून त्यांचा खांदा असा धरला की हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी बांबू सोडायला सांगितला. बांबू सोडायचा म्हणजे मासळी सोडायची, आणि मासळी सोडायची म्हणजे अर्धी चूल विझवायची. तेव्हा मामेभावाने पत्र्याची सपाट बुडाची नाव आणि बॅटरीवर चालणारी मोटर उसनवारी करून आणली. ही नाव कोणत्या तळ्यात चालेल ते शोधायचे काम मात्र 'शिकलेला' म्हणून माझ्याकडे आले.

मोटरीचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो गावी १९३४ साली श्मिट नावाच्या गृहस्थांनी फोर्ड मोटारीचे स्टार्टर काढून त्याला दांडा व पंखा जोडला आणि लहान तळ्यांवर मासे धरायला ही युक्ती वापरली. धूर नाही, तेलाचा तवंग नाही, आवाज जवळजवळ नाही. आमच्या मामांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढेच म्हटले, "हे डोंगा नोहोय बाप्पा, पंखा होय!"

आता हिशेब. आमची मोटर ३० पौंड रेट्याची आहे. पूर्ण वेगात ती बारा व्होल्टवर साधारण ३० अँपिअर वीज ओढते, म्हणजे ३६० वॅट. अर्ध्या अश्वशक्तीलाही कमीच. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ५० च धरायचे. पूर्ण वेगात ते एक तास चाळीस मिनिटे पुरतात; वेग कमी करून १० अँपिअरवर आणले तर पाच तास. येथे एक इशारा देतो: मोटारगाडीची बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेली असते, ती या कामाला घेऊ नये. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी चालते, पण तिचे वजन तीस किलोंच्या पुढे जाते, आणि ते वजन नावेत एका बाजूला ठेवले तर नाव तिकडेच कलते.

या हिशेबावरूनच तळ्याचे माप ठरते. ताशी चार किलोमीटर धरले तर पूर्ण वेगात सहा-साडेसहा किलोमीटर होतात. त्यातले निम्मे वाऱ्यासाठी राखून ठेवावेत, कारण दुपारी वारा समोरून आला की नाव पुढे जायला मागत नाही. (म्हणूनच सकाळी निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि परतताना त्याला पाठीशी घ्यावे.) चाळीस हेक्टरांचे तळे चौकोनी मानले तर काठाकाठाने फेरी अडीच किलोमीटरांची होते. तेवढे आम्हांला पुरे. इटियाडोहसारखे, १९७० साली पुरे झालेले अफाट धरण आमच्या नावेचे नव्हे. तेथली लाट बुटक्या कडांवरून आत येते.

आणि लहान तळ्यांना आमच्याकडे तोटा नाही. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी बांध घातले, धान पिकवला आणि तलावांची देखभाल वंशपरंपरेने केली. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि ज्यांनी पाळ बांधली त्यांना ती दुरुस्त करायची गरज उरली नाही. तलाव गाळाने भरू लागले ते तेव्हापासून, असे जुनी माणसे सांगतात. मला त्यात बरेच तथ्य वाटते. नवेगावबांध, सिरेगावबांध या गावांच्या नावांतच बांध बसला आहे. तळे शोधणाऱ्याने नकाशात प्रथम अशी नावेच पाहावीत.

मी फोनवरच्या उपग्रहचित्रांत पाहिले. मालगुजारी तलाव ओळखायला सोपा: एक बाजू सरळ किंवा किंचित वाकलेली, ती पाळ, बाकीच्या तीन बाजू फाटक्या गोधडीसारख्या. खोल पाणी पाळीला लागून असते आणि उलट बाजूला तळ हळूहळू वर चढत जातो. पंख्याला निदान दोन फूट पाणी लागते, तेव्हा उथळ बाजू सोडूनच द्यायची. त्याच तळ्याची नोव्हेंबरची आणि मेची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. मेमध्ये जे उरते तेच खरे तळे. बाकीचे तुडूम उघडले की धानाच्या बांध्यांत जाते.

एवढे शास्त्र करून मी पहिले तळे निवडले आणि तोंडघशी पडलो. चित्रात ते हिरवेगार, शांत दिसत होते. हिरवे म्हणजे काय हे मी कोणाला विचारले नाही. नाव शंभर हात गेली असेल नसेल, हायड्रिलाचे लांब दोरे पंख्याला वेटाळले, मोटर गुरगुरली, तार हाताला चटका देईल इतकी तापली. मामेभावाने बांबू घेतला. मामा काठावर उभे होते. ते हसले नाहीत, आणि ते मला अधिक लागले.

दुसरे तळे मी मुद्दाम स्वच्छ निवडले. यंत्राने गाळ काढून सारखे खोल केलेले, गवताची काडी नाही. मोटर लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मासा मात्र नाही. मामांनी जाळे टाकले, उचलले, पुन्हा टाकले. सोडलेल्या बीजातले चार-दोन कटले निघाले, तेवढेच. नावेत बसून त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते. मरळ, शिंगी, मागूर हे आपले मासे पाणगवतात घर करतात. पावसाचे नवे पाणी उथळ बाजूवर चढले की वीण होते. उथळ बाजूच कापून टाकली, किंवा गवत्या माशाने सारे गवत खाल्ले, किंवा काठावर बेशरम माजली, तर त्यांनी अंडी घालायची कुठे? म्हणजे मोटरीला जे तळे उत्तम ते माशाला निकामी, आणि माशाला उत्तम ते मोटरीला निकामी. माझा सारा शोध या एका गाठीपाशी अडला.

ती सुटली मामांच्याच बोलण्यातून. दोन्ही एकाच तळ्यात असावे: पाळीलगत खोल, मोकळा पट्टा, आणि आगोराकडे गवताची उथळ बाजू. मोकळ्या पट्ट्यातून मोटरीने गवताच्या कडेपर्यंत जायचे, तेथे मोटर उचलून घ्यायची आणि उरलेले वीस-तीस हात मामेभावाने बांबूने रेटायचे. गवताच्या त्या कडेवरच मासा असतो. असे तळे गावापासून सात किलोमीटरांवर सापडले, सुमारे तीस हेक्टरांचे. ते निवडताना चित्रे मी दुसऱ्यांदा पाहिली. आधी तुडूम उघडणाऱ्या म्हाताऱ्याला जाऊन भेटलो. पाणी कुठे छातीभर, कुठे गळ्याभर, बुडालेले खोड कुठे, हे त्याला पायांनी माहीत होते.

तळे सापडले म्हणजे ते आपले झाले असे नाही. मासेमारीचा ठेका तेथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे, पाण्यावर हक्क शेतकऱ्यांचा, गुरांना पाणी पाजण्याचा निस्तार साऱ्या गावाचा. राखीव जंगलातले तळे असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल घालू नये. सारस घरटे करतात त्या तळ्यावर पावसाळ्यात नाव नेऊच नये. मामा दुसऱ्या संस्थेचे सभासद, म्हणून त्या गावच्या सभेत दोन तास वाद झाला. पंख्याने आमची जाळी फाटतील, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. शेवटी ठरले ते असे: कोणाच्याही जाळ्यापासून पन्नास हात अलीकडे मोटर बंद, आषाढ-श्रावणात नाव पाण्याबाहेर, आणि धरलेल्या मासळीचा ठरलेला वाटा संस्थेला. वाटा थोडा जड आहे असे माझे मत. मामांचे तसे नाही.

या हिवाळ्यात मामा नावेच्या पुढल्या टोकाला बसू लागले आहेत. डाव्या हाताने दिशा दाखवतात, मामेभाऊ मोटर वळवतो, आणि आठवडी बाजाराला मामी पुन्हा पाटी घेऊन जातात. आषाढात नाव उपडी केली की बॅटरी घरातल्या इन्व्हर्टरला जोडायची, हे मामींनी आतापासूनच ठरवून ठेवले आहे. वीज गेल्यावर निदान पंखा तरी फिरेल, असे त्या म्हणतात.